नव्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मला माहीत नाही

नवा कॉम्प्युटर घरी आणला त्या दिवशी पहिला अर्धा तास मी त्याच्यासमोर नुसता बसून होतो. खोका उघडा, थर्माकोलचा चुरा फरशीभर, कूलरच्या हवेने तो चुरा खोलीभर पळतोय, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. तिने एवढंच विचारलं, "आता याच्यात काय टाकाल?"

मी वायरी सोडवत असल्याचं सोंग केलं. जुन्या कॉम्प्युटरमधलं यात टाकण्यासारखं जे होतं ते तिचं होतं, आणि ते माझ्यामुळे गेलं होतं. यातलं अर्धं तिला ठाऊक होतं. उरलेलं अर्धं मी तीन आठवडे पोटात घेऊन हिंडत होतो.

आम्ही बाभुळगावला राहतो. मी एका खाजगी शाळेत लिपिक आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या नोकरीची पहिली अकरा वर्षं एका पोडावरच्या शाळेत गेली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, पंचवीस-तीस घरांची. पहिल्याच दिवशी वर्गात ती "पाणी" म्हणाली तेव्हा समोरची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांच्या घरी पाण्याला ईर म्हणतात. त्या दिवशी घरी येताना तिने दोनशे पानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर तो एकच शब्द लिहिला.

पुढे तिच्या वह्या वाढत गेल्या. मधल्या सुट्टीत पोरांकडून, शाळा सुटल्यावर बायांकडून ती शब्द गोळा करायची. पोडावर एक म्हातारी होती, तिला ती आजी म्हणायची. आजी तिला जंगलातल्या पानाफळांचे, पक्ष्यांचे, पावसाच्या निरनिराळ्या तऱ्हांचे शब्द सांगायची आणि बदल्यात हिच्या डब्यातलं लोणचं खायची. एका पावसाळ्यात भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली आणि दोन वह्या गेल्या. तेव्हा उरलेलं सगळं तिने कॉम्प्युटरवर चढवायला घेतलं. रोज शाळेतून आल्यावर एक तास. मराठी शब्दांच्या क्रमाने तिने फायली केल्या होत्या, एका अक्षराची एक फाईल. नवे शब्द ती मग थेट फाईलमध्येच घालू लागली, वही सुटली. आजी दोन वर्षांपूर्वी वारली.

हे सगळं नीट सांभाळून ठेवणं माझ्याकडे होतं. मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा घरात समज होता आणि तो मीच पसरवला होता. वास्तविक मला शाळेचे दाखले छापता येतात आणि पगारपत्रक भरता येतं, तेवढंच. पण तेवढ्यावर आमची सगळी भावकी खूश होती. कुणाच्या मुलीचं, मुलाचं लग्न जमवायचं असलं की पहिला फेरा आमच्या पुढच्या खोलीत. बायोडाटा माझ्याकडेच बनायचा. वर गणपती, खाली नाव, शिक्षण, मामेकुळ, शेती किती, अपेक्षा काय. बाहेरच्या दुकानात करायचा नाही, कारण तिथे चार लोक वाकून वाचतात, आणि उंची एक इंच वाढवून टाक असं दुकानदाराला कसं सांगायचं? मला सांगता येत होतं. मी कित्येक मुलींची उंची वाढवली आहे. एका भाच्याची तर मी नोकरीसुद्धा कायम केली होती. तो आजही रोजंदारीवर आहे, आणि त्याची बायको मला भेटली की मी दुसऱ्या गल्लीने जातो.

सांगायचं म्हणजे मला कुणाला नाही म्हणता येत नाही. हा चांगुलपणा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मार्च महिन्यात माझे चुलत दादा त्यांच्या धाकट्या मुलीचा बायोडाटा करायला आले. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, गावी शेती करतात. माझं शिक्षण त्यांच्या घरी राहून झालं, त्यामुळे ते खोलीत आले की मी अजूनही खुर्ची सोडून उठतो. फोटो स्टुडिओवाल्याने फोटो पेन ड्राइव्हवर टाकून दिले होते. तो लावल्याबरोबर पडद्यावर लाल पाटी आली. व्हायरस आहे, उघडू नका, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मी वाचलं. मला समजलं. दादा पाठीशी उभे होते.

"काय म्हनून राह्यलं ते?"

"काही नाही, धोका आहे म्हणते."

"फोटोत कायचा धोका बाप्पा? पोरगी हाय माही, काय बाम हाय? पोराकडचे चार वाजता येऊन राह्यले, लहान्या. दाब काय दाबाचं ते."

मी दाबलं. एकदा नव्हे. पाटी पुन्हा पुन्हा येत होती म्हणून मी ते राखण करणारं सॉफ्टवेअरच बंद करून टाकलं. फोटो उघडला, फार छान आला होता, बायोडाटा छापून झाला, दादा चहा न घेता पळाले. त्याच स्थळाशी त्या मुलीचं लग्न जमलं, हेही इथे नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको नेहमीप्रमाणे टाइप करायला बसली. तिची एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पडली होती, की तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, चावी हवी असेल तर पैसे पाठवा.

जुन्या बसस्टँडजवळ एक दुरुस्तीवाले भाई आहेत. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर, अशी त्यांची चाळीस वर्षं एकाच लाकडी टेबलावर गेली. चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला असतो. त्यांनी माझं मशीन दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "सर, हे कुलूप आपल्याच्यानं नाई खुलत. पैसे भेजले तरी चाबी भेटंल याचा भरोसा नाई. मशीन बी बुढं झालं. नवंच घ्या, आन या बारीनं जरा सांभाळून."

घरी येऊन हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "पण तुम्ही पेन ड्राइव्हमधे कॉपी करून ठेवली होती ना?"

"हो," मी म्हणालो. "शाळेच्या कपाटात आहे. आणतो."

हे खोटं होतं. मग तीन आठवडे मी त्या खोट्याला टेकू लावत बसलो. कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे आहे. मुख्याध्यापक ट्रेनिंगला गेले. आता सुट्ट्या लागल्या, शिपाई गावी गेला. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. तिच्या त्या बरंचा मला इतका राग यायचा की एकदा मीच ओरडलो, "सांगितलं ना आणतो म्हणून!" ओरडायचा हक्क कुणाचा होता आणि ओरडलं कोण, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

तर तो नवा कॉम्प्युटर. अर्ध्या तासाने मी वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं की टीव्हीसारखा लागेल. तो लागला नाही, त्याने चौकशी सुरू केली. कोणत्या देशात राहता? कोणती भाषा? इंटरनेट कुठे आहे? इंटरनेट माझ्या मोबाईलवर, आणि मोबाईलला रेंज फक्त खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणून तो मी गजाला रबराने बांधला. मग खातं उघडा म्हणाला. खात्यासाठी नंबर. नंबर दिला तर तो आधीच कुठल्या तरी खात्याला लागलेला आहे म्हणे. त्या जुन्या खात्याची खूण पटवायला पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव विचारलं. आमच्याकडे बैलांची जोडी होती आणि दोघांना मिळून एकच हाक मारायचो. ती मी चार तऱ्हेच्या स्पेलिंगने घातली. चारही चूक.

पासवर्ड ठेवा म्हणाला. ठेवला. फार लहान आहे. लांब ठेवला. आकडा नाही. आकडा घातला. मोठं अक्षर नाही. तेही घातलं. चिन्ह घाला. मी तिथे एक चिन्ह घातलं आणि मनात पाच शिव्या घातल्या. मग तोच पासवर्ड परत टाका म्हणाला, आणि मी काय टाकला होता ते मला आठवेना.

पुढे अपडेट सुरू झाले. कॉम्प्युटर बंद करू नका, अशी सूचना पडद्यावर आणि खाली टक्के. अडतीसवर असताना वीज गेली. दुपारचे दोन, बेचाळीस-त्रेचाळीस ऊन, कूलर बंद, आणि खोलीत तो यूपीएस बकरीच्या पिल्लासारखा ओरडतोय. दहा मिनिटांनी तोही गप्प झाला. वीज आल्यावर टक्के पुन्हा शून्यापासून. दुसऱ्यांदा एकसष्टला गेली. तेव्हा मी चप्पल घातली आणि भाईंना बोलवायला गेलो.

भाई आले, पडदा पाहिला आणि म्हणाले, "सर, तुम्ही दाखले बनवा. हे मी करतो."

त्यांनी तासाभरात केलं. बायकोने चहा आणला तेव्हा ते मला नियम सांगत होते, आणि तीही ट्रे धरून ऐकत उभी राहिली. बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही. लाल पाटी आली की हात वर. फुकटचं म्हणून काही उतरवायचं नाही. आणि कॉपी. त्यांनी पिशवीतून एक लहान काळी हार्ड डिस्क काढली. "हफ्त्यातून एक बार हिच्यात सगळं उतरवायचं, आन काढून घराबाहेर ठेवायची. शाळेत ठेवा. मशीनले लावून ठेवली त ती कॉपी नाई झाली. चोर आला त दोघाईले घेऊन जाईल."

आम्ही दोघांनी मान हलवली. मग भाईंनी ते विचारलं जे विचारलं जाणार होतंच.

"चला, ताईच्या फायली टाकून घेऊ. ताई म्हनते कॉपी हाय, कुठं हाय तो पेन ड्राइव्ह?"

मी भाईंकडे पाहिलं, मग ट्रेकडे. वीज जाईल तर बरं, असं वाटलं. तेव्हा मात्र गेली नाही.

"तो शाळेत नाही," मी म्हणालो. "दादांच्या ट्रॅक्टरात आहे."

खरं असं होतं. कॉपी मी केली होती, एकदा, मनापासून, आणि पेन ड्राइव्हवर बायकोच्या नावाची चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती. मग दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा आले. ट्रॅक्टरला नवा टेप बसवला होता, गाणी हवी होती, पेन ड्राइव्ह विसरले होते. घरात तो एकच होता. त्यात जागा होईना म्हणून मी तिच्या फायली पुसल्या. म्हटलं, कॉम्प्युटरवर तर आहेतच, रविवारी दुसरा आणून परत कॉपी करू. तो रविवार काही आला नाही. ती मात्र दर दिवाळीला झाडझूड करताना विचारायची, कॉपी आहे ना? मी म्हणायचो, आहे.

बायकोने ट्रे खाली ठेवला. ती रडेल किंवा बोलेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "दोन वर्षं?"

"हो."

"आन मी तीन आठवड्यापासून तुमच्या शाळेच्या चाबीची वाट पाहून राह्यली." ती घरात एरवी माझ्याशी पुस्तकी बोलते. वऱ्हाडी सुटलं की समजायचं. "मुख्याध्यापकाले बी घेतलं तुम्ही याच्यात. त्या बिचाऱ्या शिपायाले बी."

भाई खिडकीला बांधलेल्या मोबाईलकडे पाहत होते. मग त्यांनी घसा साफ केला. "सर, एक बात सांगू? पुसलेलं एकदम जात नाई. त्याच्यावर दुसरं बसलं की जाते. जेवढी गानी नवी टाकतीन, तेवढं ताईचं मिटतं. आता ऊन पाहू नका. जा आन काढून आना."

मी गेलो. चौदा किलोमीटर. तोंडाला दुपट्टा बांधून, गाडीच्या हँडलला हात भाजत होते. सगळ्या रस्त्यात मी दादांना काय सांगायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी त्यात पहिलं वाक्य खोटंच येत होतं. शाळेला पाहिजे आहे. तपासणी आहे. पेन ड्राइव्ह परत मागायला मला सरकारी कारण लागत होतं.

दादा निंबाखाली खाटेवर पडले होते. ट्रॅक्टर बाजूलाच उभा. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "दादा, तो गाण्याचा पेन ड्राइव्ह पाहिजे होता."

"एवढ्या उन्हात? फोन करतास त पाठवून देतो ना कोनासंगं." ते उठून बसले. "बरं झालं आला, परवा पोरीची हळद हाय, त नवीन गानी टाकून आनाले सांगनारच होतो."

"दादा, त्यात हिचे कोलामी शब्द होते. मी पुसून तुम्हाला दिला. कॉम्प्युटरमधलेही गेले. आता त्यातून निघाले तर निघतील."

दादांना राग यायला वेळ लागतो, पण येतो.

"मी मांगतला तवा होते त्याच्यात?"

"होते."

"मंग मले काहून नाई सांगतलं? मी काय वाघ हाव का? नाई म्हनतास, मी बाजारातून घेतो दीडशे रुपयाचा." ते ट्रॅक्टरकडे गेले, पेन ड्राइव्ह उपसून काढला. "दोन वर्षं माह्या टॅक्टरात मास्तरीनबाईचं पुस्तक अन् मले पत्ता नाई. तुह्यापायी मी चोर झालो न बे."

चिठ्ठी अजून त्यावर होती. अक्षरं उडाली होती, पण कागद होता. मी पेन ड्राइव्ह खिशात घातला, वर रुमाल कोंबला आणि परत निघालो. दादांनी जेवून जा म्हटलं नाही. त्या घरातून उपाशी निघायची माझी पहिलीच वेळ.

भाईंनी पुसलेलं शोधायचा एक प्रोग्राम लावला. संध्याकाळ गेली, दुसऱ्या दिवशीची सकाळही सरत आली. मी त्यांच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होतो. अकराच्या सुमाराला यादी आली. भाईंनी एक फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, चौकोनांचा, प्रश्नचिन्हांचा काला झाला.

"गेलं," मी म्हणालो.

"थांबा ना सर. तुमाले दर वक्ती घाई." त्यांनी विचारलं, "ताई जुन्या फॉन्टात टायपिंग करे का?" मला ठाऊक नव्हतं. माझ्याच घरात, रोज एक तास, आठ-नऊ वर्षं, आणि ती कोणता फॉन्ट वापरते हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी फोन केला. तिने एका शब्दात उत्तर दिलं आणि फोन ठेवला. भाईंनी तो फॉन्ट टाकला, आणि त्या काल्यातून ओळी उभ्या राहिल्या. डावीकडे मराठी, मधे कोलामी, उजवीकडे कुणी सांगितला ते. आजी, आजी, आजी, तिसरीतली पोरगी, आजी.

सगळं मिळालं नाही. क, ग, च, म पूर्ण आहेत. स अर्ध्यातून तुटला आहे. त आणि ब यांच्यावर गाणी बसली. प ची फाईल उघडतच नाही. यादी घरी नेऊन मी तिच्यासमोर ठेवली. तिने पेन्सिलने एकेक अक्षर तपासलं. प शी आली तेव्हा थांबली.

"पाऊस त्याच्यातच होता," ती म्हणाली. "आजीनं सांगितलेला सगळा पाऊस."

मी काही बोलायला तोंड उघडलं.

"नका बोलू," ती म्हणाली. "पाणी तरी मला पाठ आहे."

आता ती रविवारी पोडावर जाते. बदली होऊन पाच वर्षं झाली, पण लोक ओळखतात. तिथल्या दोन बायांना आजीचं थोडंफार आठवतं. मी गाडीवर सोडतो आणि पाराशी थांबतो. सोबत येऊ का असं एकदा विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही आलात की त्या बाया गप्प बसतात.

भाई मिळालेल्या फायली चढवायला घरी आले त्या दिवशी त्यांनी बायकोचं वेगळं खातं उघडलं आणि पासवर्ड ठेवायला तिला खुर्चीत बसवलं. मी सवयीने मागे उभा होतो.

"सर," भाई म्हणाले, "तुमी जरा खिडकीतून बाहेर पाहा."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. बायको कीबोर्डवर हात ठेवून वाट पाहत होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही. मी खिडकीशी गेलो. समोरच्या घरी कुणीतरी गाडी धूत होतं. पाठीमागे बटणांचा आवाज येत राहिला, बराच लांब पासवर्ड होता. तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यापासून कपाटाचीही चावी लपवली नव्हती. आणि लाज वाटत असतानाच मला सुटल्यासारखंही वाटलं, हे लिहायलाच हवं. कॉम्प्युटर आता माझ्या हातात नव्हता. कुणी आलं तर मी खरंच सांगू शकणार होतो की मला उघडता येत नाही.

तसं झालंही. महिन्याभरात भावकीतले तिघे येऊन गेले. मी म्हणायचो, पासवर्ड मला माहीत नाही. ते हसायचे. एक मामा म्हणाले, "घरच्या पेटीची चाबी घरधन्याजवळ नाई, हे पहिल्यांदा आयकलं." बायको शाळेतून आली की फोटो मोबाईलवर मागवायची आणि बायोडाटा करून द्यायची, उंची आहे तेवढीच. त्यामुळे गर्दी आपोआप कमी झाली. पण मी काही सुधारलो नव्हतो. नाही म्हणायचं काम फक्त तिच्यावर टाकून मोकळा झालो होतो. हे मला कळत होतं आणि मी ते चालू दिलं.

माझ्याकडे एकच गोष्ट राहिली होती, ती काळी डिस्क. शुक्रवारी संध्याकाळी बायको तिच्यात सगळं उतरवते आणि एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून माझ्या हातात देते. मी शनिवारी ती शाळेत नेऊन कपाटात ठेवतो, पुढच्या शुक्रवारी परत आणतो. कॅलेंडरवर तारखेखाली सही करतो. सहीची अट तिची.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना दादा आले. मुलीच्या लग्नात आम्ही गेलो होतो, पण तिथे गर्दीत धड बोलणं झालं नव्हतं. त्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्या घरी येत होते. मला इतका आनंद झाला की मी दोनदा चहा सांगितला. आता थोरल्या मुलाचं बघायचं होतं. फोटो मोबाईलवर होता, बायकोने मागवून घेतला, सगळं सुरळीत. दादा चहा पीत होते आणि त्यांची नजर टेबलावरच्या गाठोड्यावर गेली. फडक्याची गाठ सुटून डिस्कचा कोपरा दिसत होता.

"हे मोठ्ठं पेन ड्राइव्हच असते ना? जावई म्हने याच्यात शंभर पिच्चर मावतात. सोमवारी त्याले नेऊन देतो, बुधवारी तुले वापस. याच्यातलं काई पुसाचं नाई, नुसती जागा उसनी."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको दादांसमोर मोठ्याने बोलत नाही, डोक्यावर पदर घेऊन आतूनच उत्तर देते. ती तेव्हा का बोलली नाही, हे मी तिला विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "दादा, यात हिचं काम आहे."

"म्हनूनच त सांगतलं, पुसाचं नाई."

"नाही देता येणार."

"बुधवारी आनून देतो म्हनलं न."

"नाही, दादा."

वाक्य एवढंसं होतं आणि माझे कान तापले होते. सांगायला कारण नव्हतं, शाळा नव्हती, मुख्याध्यापक नव्हते. दादांनी हातातला अर्धा भरलेला कप बशीसकट खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "शिकला बाप्पा तू. माह्यापासूनच सुरुवात केली." टोपी घातली, आणि दारातून आत हाक दिली, "येतो वं बाई, बायोडाटा पाठवजो."

मी फाटकापर्यंत गेलो. गाडी सुरू करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाघ नाही म्हणाले होते तेच हे दादा, आणि मी नाही म्हटलेलं त्यांना सोसलं नाही. सोसावं तरी का? इतकी वर्षं मी त्यांना कधी सवयच लावली नव्हती. त्यांनी अजून फोन केलेला नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळी वहिनींनी उचलला आणि ते शेतात गेलेत म्हणाल्या. तेही खरंच असेल.

घरात आलो तर बायको कप उचलत होती. मी फडक्याची गाठ घट्ट मारली, डिस्क पिशवीत टाकली, कॅलेंडरवर सही केली आणि शाळेत गेलो.

दुपारी परत आलो तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर प ची नवी फाईल, त्यात सात-आठ ओळी. खाली कोपऱ्यात अपडेटची पाटी आली होती, आता करू की नंतर, आणि ती ती पाटी बघून वैतागली होती.

"डिस्क ठेवली?" तिने विचारलं.

"ठेवली."

ती उठली, खुंटीवरची माझी पिशवी उघडून तिने आत हात घालून पाहिलं, आणि परत येऊन टाइप करायला बसली.